डाव्या कानातला हुकूम

आमचे राजे, मान्सा, दरबारात कधीच मोठ्याने बोलत नाहीत. उजवीकडच्या आसनावरून ते माझ्या कानात कुजबुजतात आणि त्यांचे शब्द मी सर्वांना ऐकवतो. त्यांच्या वडिलांचे शब्दही मीच ऐकवत असे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्या थोरल्या राजांना नदीकाठच्या लाल मातीत पुरले.

त्या दुपारी माझा धाकटा भाऊ सुंकारी समोर गुडघ्यांवर बसला होता. खाणीतले सोने लपवल्याचा आरोप होता, शिक्षा मृत्यूची. राजापुढे प्रत्येकाने करायचे असते तसे त्याने डोक्यावर धूळ ओतून घेतली.

"दादा, नीट सांग हं," तो क्षीण हसला. "तोंड तुझं, मान माझी."

कानाशी कुजबूज आली.

"सोडा त्याला!" मी आनंदाने ओरडलो.

"अरे दिवट्या," मान्सा भर दरबारात मोठ्याने म्हणाले, "मी अजून तोंड तरी उघडलंय का?"

शब्द डाव्या कानात आले होते. मी कान चाचपला. बोटांना ओली, लाल माती लागली.

मान्सा माझ्या डाव्या खांद्यामागे पाहत होते. ते सोन्याच्या आसनावरून हळूहळू उतरले, त्यांनी गुडघे टेकले आणि ओंजळभर धूळ स्वतःच्या डोक्यावर ओतली.