ओ कोण देतंय?

लहानपणी आई अंगणातून हाक मारायची आणि आम्ही बहिणी असू तिथून ओ द्यायचो. हे नातीला सांगितलं, तर तिने त्याचाच प्रोग्राम केला. तो दर महिन्याला हाक मारणार. ज्याची ओ येणार नाही, त्याला गेलेला धरून त्याच्या घराच्या डिजिटल किल्ल्या वारसाला देणार. मी तिची वारस, ती माझी.

"आज तुझ्या मरणाची रंगीत तालीम, आजी!" ती हसली.

"कर बाई, मला काय, बसल्या जागी सुटेन."

तिने लॅपटॉपवरच एक खोटी ब्लॉकचेन, म्हणजे नोंदींची साखळी, उभी केली. बाहेरच्या जगाशी त्या साखळीचा संबंध नव्हता आणि तिथे महिने हवे तसे पुढे ढकलता येत. नातीची ओ आपोआप जाणार होती. माझी मुद्दाम बंद ठेवली होती.

तिने एक महिना ढकलला. पडद्यावर ओळ उमटली. आजी: ओ.

"नावं उलटी पडली वाटतं." तिने तपासलं. नावं बरोबर होती.

सगळं पुसून तिने साखळी पुन्हा पहिल्यापासून उभारली, इंटरनेटही बंद केलं. पुन्हा माझीच ओ आली. तिची नाही.

"थांब, हातानेच देते." तिने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग दाबतच राहिली.

"आजी, मी देतेय गं!"

तिचं बोट मी मुठीत घट्ट धरलं. ते गरम होतं.

पडद्यावर खाली नवी ओळ आली. नातीच्या किल्ल्या आजीला दिल्या.