बारावा हंस

मार्च सरताना नदीच्या मधोमध बर्फ फुटला, की ताइस्तो आणि त्याची धाकटी बहीण आउने उत्तरेकडे परतणारे हंस मोजायला येत. दोघांनी वेगवेगळे मोजायचे आणि आकडे जुळले तरच वहीत लिहायचे, असा तिथला शिरस्ता होता.

"अकरा," ताइस्तो म्हणाला.

"बारा."

"मुद्दाम करतेस ना?"

"गेल्या वर्षी आपल्या भावानं, उर्होनंही बाराच म्हटलं होतं. त्याच्यावर असाच खेकसलास, 'आंधळ्या, जवळ जाऊन मोज!' गेला तो बर्फावरून. आला का परत? एकदा तरी म्हण दादा, चूक माझी होती."

त्याने पुन्हा दुर्बीण लावली. बर्फाच्या कडेवर अकराच हंस उभे होते.

"वर नको, खाली पाण्यात बघ."

पाण्यात बारा प्रतिबिंबे होती.

"खोटं आहे!" तो ओरडला, तसे सारे हंस उडाले. पंखांच्या वाऱ्याने ढवळलेले पाणी हळूहळू निवळले. एक प्रतिबिंब तिथेच राहिले होते, मान वळवून त्याच्याकडे पाहत.

"दादा, मागे फिर!"

"आज जवळ जाऊन मोजतोच," ताइस्तो दात खात म्हणाला. त्याचा एक पाय केव्हाच बर्फावर पडला होता.