पावणेदहा, वर एक सूत

एक.

कुत्र्याच्या पिल्लाचा पुढचा पंजा शिंप्याच्या बोटांत. पोट त्याच्या कोपराखाली. टेबल स्टीलचं, गार.

दोन.

पंजाच्या मऊ गादीत शिवणयंत्राच्या सुईचं टोक. काल सुई मोडली तेव्हा अर्धीच सापडली होती. उरलेली सकाळी झाडताना मिळेल, असं शिंपी म्हणाला होता. मिळाली. पिल्लाला.

तीन.

भूल देता येणार नाही, हे डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं. पिल्लू आठवडाभराच्या जुलाबातून नुकतंच उठलेलं, एवढ्याशा जिवाला ती झेपायची नाही. पंजा वरून बधिर केला होता. बाकी सगळं धरणाऱ्यावर. हललं, तर टोक आत सरकणार. मग भूलही द्यावी लागणार आणि पंजाला चीरही.

चार.

"नाही हलणार," शिंप्याची बायको म्हणाली होती. "तीन आठवडे रोज सवय केलीय. पंजे, कान, दात, सगळं धरून देतो. दुकानात, कापड बेतायच्या टेबलावर. हे मोजत असतात तोवर आमचा बॉबिन म्हणजे पुतळा."

पाच. सहा.

पुतळाच. कान तेवढे मागे गेले.

सात.

चिमटा पंजाशी.

आठ.

टोक चिमट्यात.

नऊ.

टोक वर येतंय. जरासं. अजून जरासं.

दहा.

पिल्लू टुणकन उभं! शेपटी हलतेय, जीभ बाहेर, चिमटा हवेत.

"अहो, हे काय?" डॉक्टरबाई ओरडल्या.

"दहा झाले ना," बायको म्हणाली. "दहाला बिस्किट मिळतं."

डॉक्टरबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग पंजा दिव्याखाली धरला. टोक अजून दिसत होतं, पण पहिल्यापेक्षा कमी.

"आता एकदाच. या वेळी मोजू नका."

.

(न मोजता.)

.

पिल्लू वळवळलं, कण्हलं, कोपराखालून निम्मं निसटलं. मोजणं नाही म्हणजे धरणं कधी संपणार ते माहीत नाही. कोण थांबेल?

"मग वीसपर्यंत मोजा."

"वाटेत दहा लागणारच की हो, डॉक्टर," शिंपी म्हणाला.

आकडा ऐकताच पिल्लू पुन्हा उडालं. पुन्हा शेपटी.

शिंप्याची पाठ घामाने भिजली होती. त्याने पिल्लाला परत आडवं केलं. त्याचीच बोटं आता थरथरायला लागली होती. चाळीस वर्षांत सुईत दोरा ओवतानाही थरथरली नव्हती ती. बायकोला ते दिसलं. तिने आवाज चढवला.

"गिऱ्हाइकाला पाव इंचासाठी अर्धा अर्धा तास उभं करता. तो बिचारा म्हणतो, मास्तर, सोडा आता. तुम्ही म्हणता, थांबा, अजून एक सूत. आणि इथे बरे तुमचे आकडे संपले!"

शिंप्याने तिच्याकडे पाहिलं. मग पंजा धरला. बोटं थांबली.

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. आठ.

नऊ.

चिमटा टोक शोधत होता.

सव्वानऊ.

पिल्लाने डोळे वर केले. हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. पण बिस्किटाचं हे नाही, एवढं त्याला समजलं.

साडेनऊ.

टोक सापडलं. बायकोने डोळे मिटून घेतले. पुढचा आकडा तिला माहीत होता, आणि त्याच्या शेपटाला दहा आहे तेही.

पावणेदहा.

चालत्या यंत्रासारखा एका दमात, सपाट म्हटला त्याने. पिल्लाचा मागचा पाय थरारला. कान उभा राहिला. उभाच राहिला.

पाय पडून राहिला.

"आणखी थोडं," डॉक्टरबाई ओठांतल्या ओठांत म्हणाल्या.

वर एक सूत.

"सूत म्हणजे?"

"इंचाचा आठवा भाग," बायको डोळे न उघडता म्हणाली. "काम करा तुम्ही."

वर दीड सूत.

टण्ण.

ट्रेमध्ये सुईचं टोक. तांदळाच्या दाण्याएवढं, काळं पडलेलं. शिंप्याने शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. तिच्यात कालची अर्धी सुई होती. डॉक्टरबाईंनी दोन्ही तुकडे चिमट्याने शेजारी शेजारी लावले. जुळले. मध्ये काहीच उरलं नाही.

"अख्खं निघालं," त्या म्हणाल्या. पंजावर कापूस दाबला, पट्टी गुंडाळली. "सोडा आता."

शिंप्याने हात काढून घेतले. पिल्लू हललं नाही. पट्टीचा पंजा पुढे ठेवून ते शिंप्याच्या तोंडाकडे बघत होतं. नजर ढळत नव्हती.

"अहो, म्हणा की."

शिंपी पट्टीची कड बोटाने सारखी करत राहिला.

"म्हणा लवकर," बायको पदराने नाक पुसत म्हणाली, "नाहीतर हा इथेच म्हातारा होईल."

दहा.

पिल्लू तीन पायांवर उठलं आणि त्याने सरळ शिंप्याच्या खिशात तोंड घातलं. आतल्या बिस्किटाचा केव्हाच भुगा झाला होता. पिल्लू तो भुगा चाटून चाटून खात राहिलं, आणि शिंपी दोन्ही हात बाजूला पसरून, माप देणाऱ्या गिऱ्हाइकासारखा, जराही न हलता उभा राहिला.