ओला फिल्टर

"बाबा, तुमच्या मोटारसायकलचा एअर फिल्टर मी धुऊ?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून विचारलं, आणि बाबा चक्क हो म्हणाले!

मग काय, काळा मळ जाईपर्यंत धुतला. पण ढगाळ हवेत त्याची सुती जाळी वाळेचना, आणि आईबाबांना चारला आतेभावाच्या साखरपुड्याला पोचायचं होतं.

आई हेअर ड्रायर घेऊन आली. "नको गं आई, गरम हवेनं जाळी आक्रसते!"

"मग फिल्टरशिवाय नेतो," बाबा गुरगुरले. "म्हणूनच तुला गाडीला हात लावू देत नव्हतो."

पण फिल्टर नसला की रस्त्यावरची धूळ थेट इंजिनात जाते. मी गाडीची किल्ली उचलून मुठीत घट्ट धरली.

"तुम्ही दोघं एसटीनं जा. फिल्टर वाळला की त्याला धूळ अडवणारं तेल लावीन, मगच गाडीत बसवीन. तोवर किल्ली देणार नाही!"