बारावं मूल

तेरेआपीबाईंनी पुन्हा मोजलं. अकराच. शिक्षण खात्याच्या साहेबांची बोट लागायला जेमतेम अर्धा तास उरला होता आणि म्हाताऱ्या ममा पोकोचा अजून पत्ता नव्हता.

बारा मुलं भरली नाहीत तर बेटावरची ही बालवाडी बंद होणार होती. मग चार-चार वर्षांची पिल्लं रोज होडीत घालून, खडकांच्या खिंडीतून पलीकडच्या बेटावर पाठवायची. तिथं भलेभले नावाडी कचरतात. गेल्या वर्षी एक होडी उलटली, तेव्हापासून बाईंना त्या खिंडीची धास्तीच बसली होती.

म्हणून त्यांनीच ममा पोकोच्या डोक्यात भरवलं होतं, की पलीकडे मुलाकडे असलेली नात मागून आण. आजीनं वाढवायला नातवंड मागितलं, तर या बेटांवर कुणी नाही म्हणत नाही. सून दोन दिवस रडली म्हणे, पण गेल्या आठवड्यात बोचकं बांधून दिलं तिनं. पलीकडच्या शाळेला पोरांचा काय तोटा, असं बाई स्वतःला बजावत राहिल्या.

अखेर म्हातारी आली. कडेवर नात मीरी, रडून रडून दमलेली.

“किती घायकुतीला येशील गं? आणली ना,” ममा पोको म्हणाली.

साहेब पलीकडची मोजणी उरकूनच आले. पोरांच्या डोक्यावर हात ठेवत मोजू लागले आणि नेमके मीरीपाशी थांबले.

“ही कुणाची?”

“माझी. मी वाढवतेय हिला,” ममा पोकोनं ठणकावून सांगितलं.

साहेबांनी मान डोलावली आणि वहीत बारा लिहिले. बाईंचा जीव भांड्यात पडला. इतका आनंद त्यांना कित्येक महिन्यांत झाला नव्हता. त्यांनी स्वतःच्या हातानं शहाळं फोडून साहेबांना दिलं. ते नुसतंच हातात धरून साहेब समुद्राकडे बघत राहिले.

“तुमची शाळा राहिली, बाई. आता अकरा चटया जास्तीच्या मागवा,” ते म्हणाले. “पलीकडची दोन घरं मागंच न्यूझीलंडला गेली होती. तरी बरोबर बारा भरत होती तिथं, गेल्या आठवड्यापर्यंत. सोमवारपासून ती पोरं होडीनं तुमच्याकडे येतील.”