डावा खांदा

"सरळ उभी राहा," आई म्हणाली, आणि मग दोघीही हसल्या.

साधनाला सरळ उभं राहता येत नव्हतं. जन्मापासूनच तिचा कणा वाकडा होता, डावा खांदा वर चढलेला, डावा जबडा लहान, डावा पाय दीड इंच आखूड. आईचं तसंच. तोंड डावीकडे ओढलेलं, खांदा वर, चाल लंगडी. जालन्यातल्या मस्तगडातून बाजाराला निघाल्या की दोघी एकाच तालात डोलायच्या.

आईनं टेप गळ्यात टाकला. दोघींचे ब्लाउज ती घरीच शिवायची, खांद्यात कापडाची घडी घालून. स्वतःचं माप तिनं कधी कुणाला घेऊ दिलं नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या प्रेमबाई दारातून डोकावल्या. "किती नखरे गं! कुणासाठी, मास्तरसाठी का?"

"तुमची दाळ करपून राह्यली, प्रेमबाई," आई म्हणाली.

"करपू दे. पण काही म्हणा, लेकीनं बराबर आईचं घेतलं."

हे वाक्य साधना शाळेपासून ऐकत आली होती. तेव्हा पोरं चिडवायची. मग आई रोज फाटकाशी येऊन उभी राहू लागली, तसाच खांदा वर करून, आणि पोरांना त्यात नवल उरलं नाही. हे वाक्य ऐकून साधना कधी काही बोलली नाही. माहीत असून मला जन्म का दिलास, हेही तिनं कधी विचारलं नाही.

प्रेमबाई गेल्यावर साधना म्हणाली, "उद्या सातची बस. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तुलाही बोलावलंय. दोघींचं रक्त, दोघींचे एक्स-रे."

"माझं कशाला?"

"तुझ्याकडून आलं असेल तर ते पुढंही जाऊ शकतं. मग मी सोमेश्वरला नाही म्हणणार."

सोमेश्वर शहागडला शिक्षक होता. साधना काम करायची त्या वाचनालयात दर रविवारी पुस्तक बदलायला यायचा. पाडव्याला त्यानं लग्नाचं विचारलं होतं. साधना चौतीस वर्षांची होती, आणि तिला हो म्हणायचं होतं.

"अन् माझ्याकडून न्हाई आलं तर?"

"तुला बघून कुणालाही कळतं, आई."

आई टेप गुंडाळत राहिली. "तू त्याला हो म्हण. जल्दी म्हण. तपासणीत माझं काही न्हाई निघणार."

"तुला काय माहीत?"

आईनं पदराचं टोक दातात धरलं. "संध्याकाळी सांगते."

संध्याकाळी साधनाला उशीर झाला. भाकरी खाता खाता सांगायचं राहून गेलं. साधनानंही आठवण केली नाही. आई नेहमीसारखी अंग मुडपून, भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी ती उठली नाही.

गल्लीतले डॉक्टर येऊन गेले. हृदय, म्हणाले. साधनानं दुधाखालचा गॅस बंद केला. संभाजीनगरला फोन करून आईला आणता येणार नाही असं सांगितलं. तिकडच्या बाईनं विचारलं, पुढची तारीख देऊ का?

नातलगांपैकी कुणाला कळवायचं, असं प्रेमबाईंनी विचारलं. कुणालाच नाही. वडील वारले तेव्हा साधना दोन वर्षांची होती. तिला घेऊन आई कुंभार पिंपळगावहून जालन्यात आली, ती परत गेली नाही. तिकडच्या कुणाला तिनं उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं.

प्रेमबाई दोरा घेऊन बसल्या, पायांचे अंगठे बांधायला.

"डावा आखूड आहे," साधना म्हणाली. "पोचणार नाही."

अंगठे जुळले. प्रेमबाईंनी गाठ मारली. मग त्यांनी टाचांकडे पाहिलं, टाचा एकमेकींना लावून पाहिल्या, आणि हात मागं घेतला.

न्हाऊ घालायला बायकांनी आईला कुशीवर वळवलं. साधनानं पाठीवर पाणी ओतलं. मानेपासून कमरेपर्यंत ते एका रेषेत गेलं. आईचं तोंडही आता कुठल्याच बाजूला ओढलेलं नव्हतं.

"गेल्यावर सगळं सैल पडतं, बेटा," प्रेमबाई हळूच म्हणाल्या.

"हाडं पडत नाहीत."

आईचा उतरवलेला ब्लाउज बादलीपाशी पडला होता. साधनानं तो उचलला. तिच्या स्वतःच्या ब्लाउजला घडी उजव्या खांद्यात असायची, खाली गेलेला खांदा डाव्याच्या बरोबरीनं दिसावा म्हणून. आईची घडी डाव्या खांद्यात होती, तो वर चढलेला दिसावा म्हणून.

दाराबाहेर बायका जमल्या होत्या. जिन्यात सोमेश्वर येऊन उभा होता. कुणीतरी त्याला सांगत होतं, "काय नशीब बघा, लेकीनं पण आईचंच घेतलं."

साधनानं दार उघडलं.

"मी आईचं काही घेतलं नाही," ती म्हणाली. "आईनं माझं घेतलं होतं."