खडकाआडचा गोबी

"अंकल, आप चाय चढाइए, तब तक मैं टंकी देख लेता हूँ," म्हणत पोरवालने बाह्या सरसावल्या. खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणारा हा माणूस दर महिन्याला इंदूरहून यायचा.

श्रीकांतराव जागचे हलले नाहीत. काचेला नाक लावून ते खडकाखालच्या बिळाकडे बघत होते. कित्येक दिवसांत गोबी माशाचं दर्शन नव्हतं.

"मर गया होगा क्या?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच्या आवाजातली आशा ऐकून त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"अरे नी अंकल. शर्मीला जीव है, दुबका बैठा होगा."

उज्जैनच्या माधवनगरातल्या त्या घरात समुद्र आणला तो विक्रांतने. श्रीकांतरावांच्या पत्नी उषाताई गेल्या त्या वर्षी तो पुण्याहून आला, बापाचं एकटेपण बघून त्याचे डोळे भरले, आणि जाताना तो ही टाकी मांडून गेला. तिच्यात प्रवाळ, वाळू, खडक आणि बिळात राहणारा बोटाएवढा पिवळा गोबी. शेजारच्या वसंतरावांनी "गोभी? फूल की पत्ता?" म्हणून हसून घेतलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असंच श्रीकांतरावांनाही वाटलं होतं.

पण विक्रांत म्हणाला होता, "बाबा, हा वर्ष-दोन वर्षांचा सोबती. त्याला दुसरी टाकी सोसत नाही, नाहीतर तुम्हाला आत्ताच नेलं असतं. तो गेला की तुम्ही कायमचे आमच्याकडे. विहंगनं तर खोलीत तुमची जागासुद्धा ठरवून ठेवलीय."

नातवाच्या खोलीतल्या त्या जागेवर श्रीकांतराव दिवस काढत होते. घरात दुसरा आवाज म्हणजे टाकीच्या पंपाचा. माशाच्या मरणाची वाट बघायची आणि त्याला मरू मात्र द्यायचं नाही, अशा कात्रीत ते सापडले होते. परवाच्या मे महिन्यात वीज जाऊन पंप बंद पडला तेव्हा भर दुपारी ते टाकीवर वर्तमानपत्रानं वारा घालत बसले. हात भरून आला तेव्हा मनात आलंही, की आता पुरे. पण मुक्या जिवाशी दगाबाजी त्यांना जमली नाही. ते वारा घालत राहिले.

उभा जन्म बँकेत चेकवरच्या सह्या ताडून पाहण्यात गेलेला. तीच नजर त्यांनी गोबीला लावली होती. गालावरचे निळे ठिपके ही त्याची सही. पहिल्या वर्षी डाव्या डोळ्याखाली ठिपक्यांची चंद्रकोर होती. मग एकदा तिथं सरळ रांग दिसली आणि ते चक्रावले. पण म्हाताऱ्या खातेदारांच्या सह्या त्यांनी थोड्या का पाहिल्या होत्या? वयाबरोबर सही फिरते, म्हणून काय माणूस बदलतो? त्यांनी मनातल्या मनात चेक पास केला.

आताही आत जाऊन चहा करून ते ट्रे घेऊन बाहेर आले तो काय, गोबी उघड्या वाळूवर! नेहमी नुसतं डोकं दाखवणारा हा बुजरा आज भांबावल्यासारखा इकडेतिकडे बघत होता. श्रीकांतरावांनी भिंग उचललं. ठिपके कपाळापर्यंत चढले होते.

"देखो पोरवाल, कितना निखर गया है!"

"सब आपकी सेवा है, अंकल. वरना समंदर की मछली उज्जैन में इतने साल टिकती है क्या?"

श्रीकांतरावांना भरून आलं आणि धास्तीही वाटली. हा असाच जगला तर विहंगला मिसरूड फुटेल, मग त्याला कशाला हवाय आजोबा खोलीत? त्यांनी देवाला हात जोडले, पण मागायचं काय ते त्यांना सुचेना. त्यांनी चिमटीभर खाणं पाण्यात सोडलं.

पोरवालने चहा संपवला आणि गढूळ पाण्याची बादली उचलून तो मागच्या अंगणात गेला. बिस्किटं तशीच राहिली होती. उन्हातून इंदूरला जाणारा माणूस, म्हणून श्रीकांतराव बशी घेऊन त्याच्या मागे निघाले.

जाळीच्या दाराशी ते थांबले. पोरवाल पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता.

"जी विक्रांत भैया, मर ही गई थी. हर बार की तरह वैसी ही दूसरी डाल दी, अंकल को भनक तक नी लगी. आप बेफिकर रहो, अभी ये पूना नहीं आने वाले."